चार पुस्तकं, पाच वाचक आणि एक शेवळंवाली मावशी

एप्रिलमध्ये रूटीन रिपोर्ट केले आणि एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ निघाला. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही अजून, पण उंबऱ्याशी येऊन उभा आहे, रोज चाला, ताटात भाजी वाढवा, पाच-सहा किलो वजन उतरवा, गोळीचं नंतर बघू. आता माझी खोड अशी की काहीही सुरू करायचं म्हटलं की आधी त्यावरचं पुस्तक आणायचं (स्वेटर विणायचं पुस्तक अजून माळ्यावर आहे, स्वेटर नाही). त्याच आठवड्यात ठाण्यात एका हॉलमध्ये पुस्तक प्रदर्शन लागलेलं, वीस टक्के सूट, तर एका दमात चार पुस्तकं उचलली. एक रानभाज्यांचं, एक घरगुती उपचारांचं, एक पक्ष्यांचं आणि एक झाडांचं. चारहीच्या कव्हरवर कुठे ना कुठे "नवशिक्यांसाठी" किंवा "सोपी ओळख" असं लिहिलेलं. बिल हजाराच्या थोडं वर गेलं, नवऱ्याने भुवया उंचावल्या, तो विषय तिथेच संपला.

पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाहीये. एकतर मला कोणाशी भांडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे नंतर दुकानात उभी राहून अशीच अजून सात-आठ पुस्तकं चाळली तेव्हा लक्षात आलं की चुका सगळीकडे त्याच त्या आहेत. म्हणून माझ्या चार पुस्तकांचं काय झालं तेवढंच सांगते.

आमचा सकाळचा वॉक ग्रुप आहे, उपवन तलावापासून येऊरच्या चढापर्यंत. पुस्तकं आणली हे सांगितल्यावर ती माझ्याकडे राहिलीच नाहीत, हातोहात फिरली. वाचणारे मी धरून पाच. एक निवृत्त केमिस्ट्रीचे मास्तर, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. एक त्यांचा नातू, कॉलेजात आहे, गळ्यात कायम दुर्बीण. एक माझी चुलतवहिनी, माहेर चंद्रपूरकडचं. आणि समोरच्या विंगमधल्या वैद्यबाई, बीएएमएस, स्वतःचा दवाखाना आहे. नियम एकच ठेवला, जे पटलं नाही ते समासात पेन्सिलने लिहायचं. काकांनी पेन्सिल घेतली ती खाली ठेवलीच नाही. आता पुस्तकापेक्षा समास वाचायला जास्त मजा येते अशी अवस्था आहे.

तर पहिलं रानभाज्यांचं. दिसायला चौघांत सगळ्यात देखणं, गुळगुळीत कागद, पानभर फोटो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली, शेवळं, घोळ, दिंडा, सगळी मंडळी हजर. मी जूनची वाट बघत बसले. पहिल्या सरी पडल्या आणि जांभळी नाक्याच्या मार्केटबाहेर आदिवासी बायका शेवळांचे वाटे घेऊन बसायला लागल्या तशी मी पुस्तक पिशवीत घालून गेले. अक्षरशः पान उघडून फोटो आणि वाटा असं ताडून बघत होते. पुस्तकातला फोटो पूर्ण उमललेल्या फुलाचा, दांड्यावर आवरण उघडलेलं, आत तो लांब सुळका. आणि समोर वाट्यात होते बोटाएवढे, मिटलेले, खालून हिरवट वरून जांभळट कोंब. मी म्हटलं मावशी ही शेवळंच ना, हे तर वेगळं दिसतंय. तिने फोटो बघितला आणि हसायलाच लागली. म्हणाली, बाई, ह्ये उमलल्यावं कोन खातं, वास मारतंय ते.

घरी येऊन पुस्तक परत चाळलं तर लक्षात आलं की हे एकाच पानाचं नाही, सगळ्या पुस्तकाचं आहे. टाकळ्याचा फोटो पिवळ्या फुलांचा. कुर्डूचा फोटो त्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा, जे आपण सप्टेंबरात माळावर बघतो. आता टाकळा खातात तो पहिल्या पावसानंतर वीतभर उगवलेला कोवळा पाला, कुर्डूही तुरा यायच्या आधीची. फुलावर आली की भाजी जून झाली, जाड, कडवट. म्हणजे लेखकाने किंवा फोटोग्राफरने झाड दिसायला सगळ्यात छान असेल तेव्हा फोटो काढलाय, खायला योग्य असेल तेव्हा नाही. फुलावरून वनस्पती ओळखणं सोपं असतं हे मला कळतं, शास्त्रात तसंच करतात, पण भाजी खुडणाऱ्या माणसाला जूनमधलं रोपटं दिसणार, ऑगस्ट-सप्टेंबरमधलं फूल नाही. दोन फोटो हवेत, कोवळेपणीचा आणि फुलावरचा. मी हे समासात लिहिलं. खाली काकांनी लिहिलं, "सहमत. लग्नाच्या फोटोवरून बारशाचं बाळ शोधण्यासारखं आहे."

शेवळांवर अजून थोडं बोलते कारण माझं तोंड त्यात अडकलंय, शब्दशः. मावशीने वाट्याबरोबर मूठभर काकडं दिली होती, ती आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं, आणि सांगितलं होतं की वरचं सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि काकडं घातल्याशिवाय शिजवायचं नाही. पुस्तकात रेसिपी होती पण त्यात "आवडत असल्यास आमसूल घालावे" असं लिहिलेलं. आवडत असल्यास! मी पुस्तकावर विश्वास ठेवला, काकडं फ्रीजमध्ये राहिली, आमसूल आम्हाला फार आवडत नाही म्हणून एकच टाकलं. पहिला घास घेतला आणि घशाला जी काही खाज सुटली ती दुपारपर्यंत. नवरा ताक प्यायला, मी चिंच चोखत बसले. काकांनी नंतर सांगितलं की सुरणाच्या कुळातल्या ह्या सगळ्या मंडळींत, अळू धरून, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात, म्हणून पिढ्यान् पिढ्या आंबट घालूनच शिजवतात. म्हणजे चिंच-काकड ही चवीची बाब नाहीच मुळी. एवढी एक ओळ पुस्तकात असती तर माझी दुपार वाचली असती.

आणि ऑक्झलेटवरून आठवलं, नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता आणि डॉक्टरांनी पालक, अळू जपून खायला सांगितलेलं. पुस्तकात अळूच्या पानावर लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व सगळं कौतुक, मुतखड्याचा म सुद्धा नाही. प्रत्येक भाजीखाली "गुणधर्म" म्हणून चौकट आहे आणि प्रत्येक चौकटीत ती भाजी मधुमेह, मूळव्याध, त्वचारोग ह्यावर गुणकारी. काकांचा शेरा, "मग दवाखाने चालतात कशाला?"

पण माझा खरा राग ह्या पुस्तकावर वेगळ्या कारणासाठी आहे. चुकून दुसरं काय उपटलं जाईल हे त्यात कुठेच नाही. टाकळा आणि कासविंदा बघा. दोन्ही एकाच घरातले, दोन्ही पावसात रस्त्याच्या कडेला, दोन्हीला पिवळी फुलं. टाकळ्याच्या पानाला बहुधा छोट्या पानांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर, कासविंद्याची पानं टोकाला निमुळती आणि चुरडली की उग्र वास. आता हे मला वैद्यबाईंनी दाखवलं. त्यांनीच सांगितलं की पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं वर्षानुवर्षं एका गूढ आजाराने दगावत होती, मेंदूज्वर समजत होते, शेवटी डॉक्टरांनी शोधून काढलं की कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्यामुळे लिव्हर, स्नायू, मेंदू सगळ्यावर परिणाम होत होता. २००७ मध्ये त्यावर रिसर्च पेपर आला. ह्याचा अर्थ टाकळा खाऊ नका असा नाही, आमच्याकडे तर ह्या पावसाळ्यात सहा वेळा झाला, नारळ घालून. पण नवशिक्याच्या पुस्तकात दोघांचे फोटो शेजारी शेजारी नकोत का?

विषारी वनस्पतींना शेवटी एक पान दिलंय. सहा नावं. फोटो एकही नाही. कळलावी, गुंज, धोतरा, कण्हेर, एरंड आणि अजून एक. कळलावीचं फूल सुंदर असतं, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं, ते सगळे ओळखतात, पण तिचा कंद नुसता हातात आला तर रताळं किंवा रानातला दुसरा कुठला कंद वाटू शकतो आणि त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेततं. ह्याच पुस्तकात कंदभाज्यांना आठ पानं आहेत. त्या आठ पानांत कळलावी नाही.

नावांचा घोळ हा अजून वेगळा. वहिनी पुस्तक घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, ताई, ह्यात तरोटा नाहीच की. अगं टाकळा म्हणजेच तरोटा! तिच्याकडे कंटोलीला काटवल म्हणतात, कोणाकडे करटुली, गोव्यात फागलां. फोडशीला कुठे कुलू म्हणतात. शेवटी सूची आहे पण त्यात प्रत्येक भाजीचं एकच नाव, तेही लेखकाच्या गावचं. महाराष्ट्र म्हणजे काय फक्त ठाणे-रायगड आहे का असं वहिनीने समासात लिहिलंय, जरा जास्तच दाबून लिहिलंय, पेन्सिल मागच्या पानावर उमटलीये.

आणि हो, "जवळच्या जंगलात सहज उपलब्ध" असं पुस्तकात सतरा ठिकाणी आहे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथून हौशी लोकांनी पिशव्या भरभरून उपटून आणायचं नसतं हे लिहायला हवं होतं. तसंच नाल्याच्या कडेचा, कचऱ्याजवळचा पाला घेऊ नका हेही. आम्ही सरळ मावशीकडून विकत घेतो. पन्नासचा वाटा, सोबत तोंडी पुस्तक फुकट. तिने एकदा मला पुस्तकाची किंमत विचारली. साडेतीनशे म्हटल्यावर म्हणाली, एवढ्यात सात वाटे आले असते. हिशोब बरोबर होता.

दुसरं पुस्तक घरगुती उपचारांचं. सगळ्यात स्वस्त, एकशे वीस रुपये, आणि सगळ्यात महाग पडू शकेल असं. ह्याला मी वैद्यबाईंकडे पाठवलं ते थोडं घाबरतच, म्हटलं त्या म्हणतील तुम्हाला आयुर्वेद पटत नाही. झालं उलटंच. दोन दिवसांनी पुस्तक परत आलं तर निम्म्या पानांवर फुल्या, आणि त्या लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ही पुस्तकं लिहिणारे वेगळे आणि शिव्या खाणारे आम्ही.

उदाहरणं देते. मधुमेहासाठी रोज सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस एक ग्लास. बास, एवढंच. आता दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं वाढलेली असतात, आणि असा कडू रस प्यायल्याने उलट्या, रक्ताच्या उलट्या, बीपी एकदम खाली जाणं असे प्रकार आपल्याकडे झालेत, माणसं गेलीत. आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) ह्यावर समिती नेमली होती आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की आधी छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या, आणि रसात दुसऱ्या कशाचा रस मिसळू नका. गोम अशी की औषध म्हणून घेणारा माणूस कडू लागलं तरी डोळे मिटून पितो, कारण औषध कडूच असतं असं आपल्या डोक्यात बसलंय. कारल्यासोबत मिक्स केला तर कडू कुठला तेही कळणार नाही, आणि पुस्तकात पुढच्याच पानावर दुधी-कारलं-टोमॅटो एकत्र रस दिलाय! मी स्वतः मे महिन्यात दहा-बारा दिवस दुधीचा रस प्यायलेय ह्या पुस्तकावर विसंबून. काही झालं नाही, नशीब. चव नुसती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होती.

दुसरं, घशासाठी ज्येष्ठमधाची काडी रोज चघळा. किती दिवस, कोणी, काही नाही. माझे सासरे बीपीची गोळी घेतात आणि त्यांनी पुस्तक बघून आठवडाभर ज्येष्ठमध सुरू केलं होतं. वैद्यबाई म्हणाल्या बंद करा आधी, ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, आम्ही बीपीच्या पेशंटला असं मोकळं देत नाही. तिसरं, लहान बाळाच्या खोकल्यावर मध चाटवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही हे आता कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगतो, बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो, पण आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची पद्धत असल्यामुळे कोणाला त्यात चुकीचं वाटतच नाही. वयाची एक ओळ टाकायला किती शाई लागते?

आणि गुळवेल. कोविडच्या काळात आमच्या कॉम्प्लेक्सच्या कंपाउंडवरची वेल लोकांनी ओरबाडून नेलेली मला आठवतेय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलं की गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाला, त्यावर आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की ती खरी गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा म्हणून दुसरी वेल आहे, तपासलं का. दोन्ही बाजूंचं भांडण बाजूला ठेवा, पण दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट तर निघतेच ना, की वेल ओळखता यायला हवी. पुस्तकात गुळवेलीवर चार पानं आहेत आणि चित्र आहे एक, हाताने काढलेलं, बदामाच्या आकाराचं पान. बदामाच्या आकाराचं पान तर निम्म्या वेलींना असतं हो. काका म्हणाले ह्या चित्रावरून मी मनीप्लांट पण पिऊन टाकीन.

ह्या पुस्तकाचं काही चांगलं सांगायचं तर शेवटची पाच पानं. ती बहुतेक दुसऱ्या कोणीतरी लिहिली असावीत कारण भाषाच वेगळी आहे. त्यात आठवड्याला किमान दीडशे मिनिटं थोडी धाप लागेल असं भरभर चालणं, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे साधारण एक छोटा चमचा आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं, उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे सावध व्हा, १२६ किंवा त्याच्या वर दोनदा आली तर डॉक्टर गाठा, असं साधं सरळ लिहिलंय. मला खरं तर हेच हवं होतं. कव्हर टू कव्हर हेच असतं तर पुस्तकाचा खप झाला नसता बहुतेक, कारण चाला आणि मीठ कमी करा हे ऐकायला कोण एकशे वीस रुपये देणार. ती पाच पानं मी कापून फ्रीजला लावलीत.

नाही म्हणायला एक गोष्ट अजून. ह्या पुस्तकात साप चावल्यावर काय करावं हेही घुसडलंय, दोरीने घट्ट आवळा, ब्लेडने चिरा द्या, कांदा चोळा वगैरे. येऊरच्या पायथ्याशी राहतो आम्ही, घोणस, नाग, मण्यार सगळे निघतात. आवळायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलवू न देता सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं, तिथे प्रतिसर्पविष असतं. काकांनी ते पान स्टेपल करून बंद केलंय. शब्दशः, चार पिना मारल्यात.

आता जरा मूड बदलते कारण तिसरं पुस्तक पक्ष्यांचं, आणि त्याच्यावर आमचं सगळ्यांचं प्रेम बसलंय. खिशात मावतं, शंभरेक पक्षी आहेत फक्त, कव्हर अगदीच साधं, प्रदर्शनात मी ते केवळ सुट्टे जमवायला घेतलं होतं. पण लिहिणाऱ्याला नवशिका माणूस नेमका कुठे अडतो ते माहीत आहे. पहिल्याच पानावर विचारलंय, पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग तो कुठे होता, जमिनीवर, तारेवर, पाण्यात, पानांत? मग शेपटी. रंग चौथ्या नंबरला. मला आधी वाटलं उलट हवं, रंग तर आधी दिसतो, पण नातवाने समजावलं की सकाळच्या उजेडाच्या विरुद्ध बघितलं की सगळे पक्षी काळेच दिसतात, आकार मात्र खोटं बोलत नाही. सलीम अलींच्या १९४१ च्या पुस्तकातही आकार असेच ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून दिलेले आहेत म्हणे, म्हणजे पद्धत जुनीच, पण मराठीत इतकी सुटसुटीत मी पहिल्यांदा बघितली.

"फसाल बरं का" अशी एक छोटी चौकट दर चार-पाच पानांनी येते आणि ती ह्या पुस्तकाची जान आहे. पावशा आणि शिक्रा. दोघं बाजूने इतके सारखे दिसतात की छोटे पक्षीसुद्धा पावशाला शिक्रा समजून घाबरतात, तर माझी काय कथा. चोच बघा, शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळ, असं लिहिलंय. कोकीळ नर आणि कावळा, डोळा बघा, कोकिळाचा लालभडक. आणि त्यातच लिहिलंय की गातो तो नर, मादी अंगभर ठिपक्यांची आणि कुहू करत नाही. लहानपणापासून "कोकिळा गाते" म्हणत आलेल्या माणसाला हे पचायला दोन दिवस लागतात.

आवाज मराठी कानाने ऐकून लिहिलेत ह्याचं फार बरं वाटलं. पावशा "पेरते व्हा". टिटवी "टिटिव टिव". दुपारच्या उन्हात कुठूनतरी तांब्यावर हातोडी मारल्यासारखं टुक टुक टुक येतं तो तांबट, एवढासा हिरवा, कपाळावर लाल टिळा. हे मुद्दाम सांगते कारण दुकानात एक भाषांतरित पुस्तक चाळलं त्यात पावशापुढे लिहिलेलं "ब्रेन फीवर असा आवाज काढतो". अहो, कोणाला ऐकू येतो तो ब्रेन फीवर! आपल्या आज्या-पणज्या मे महिन्याच्या शेवटी तो आवाज ऐकून बियाणं काढायच्या.

तक्रारी आहेत, नाही असं नाही. मादीचे फोटो कमी. पाणपक्षी उरकून टाकलेत, त्यामुळे ठाणे खाडीवर हे पुस्तक घेऊन गेलात तर नुसते उभे राहाल, तिथे फ्लेमिंगो सोडून एकही ओळखता येणार नाही. आणि बाइंडिंग भिकार आहे. पण नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो ना, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, तेवढ्या आठ दिवसांत आम्ही पाच जणांनी मिळून एक्केचाळीस पक्षी ओळखले, त्यातले तेहेतीस ह्या पुस्तकात सापडले. बाकीचे नातवाच्या फोनवरच्या मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून सांगितले. अ‍ॅप छान आहे हो, पण काकांचं म्हणणं मला पटतं, अ‍ॅप नाव सांगतं आणि आपण विसरतो, पुस्तकात शोधायला दहा मिनिटं लागली की ते नाव डोक्यात राहतं. (वनस्पतींचे फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप पण आहेत. नुसतं नाव कळायला ठीक. खायच्या बाबतीत अजिबात नाही. अ‍ॅपने सांगितलं म्हणून तोंडात घालणार असाल तर आधी नॉमिनी अपडेट करा.)

झाडांच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात, कारण ते आम्ही फार वापरलंच नाही. माहिती भरपूर, चुका जवळजवळ नाहीत, काकांची पेन्सिल फक्त तीन ठिकाणी. पण मांडणी शास्त्रीय नावांच्या अनुक्रमाने. ज्याला झाडाचं मराठी नाव माहीत नाही त्याने लॅटिन नावावरून शोधायचं म्हणजे काय करायचं? महिना आणि फुलाचा रंग ह्यावरून लावलं असतं तर किती सोपं झालं असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर, मग एप्रिल-मेमध्ये पिवळा बहावा, जांभळा तामण. दुसरं म्हणजे लेखक देशी झाडांचा कट्टर माणूस, त्यामुळे गुलमोहर नाही, रेनट्री नाही, गिरीपुष्प नाही. का तर परदेशी. तत्त्व म्हणून कौतुक आहे, मला पण देशी झाडं लावलेलीच आवडतात, पण आमच्या रस्त्यावर रेनट्रीच उभी आहेत त्याला मी काय करू. वहिनीने पंधरा दिवस त्या एका झाडाचं पान घेऊन पुस्तक उलटंपालटं केलं बिचारीने. नको असलेला पाहुणा असला तरी दारात कोण आलंय ते तर सांगा.

आता ही पुस्तकं दुकानात हातात घेते तेव्हा मी आधी मागची सूची उघडते आणि आपल्या गावाकडचं एक नाव शोधते, तरोटा म्हणा, काटवल म्हणा. मग एखादी ओळखीची वनस्पती काढून तिच्यासारखी दिसणारी दुसरी दाखवलीये का बघते. आणि आरोग्याचं असेल तर "डॉक्टरांकडे जा" हे शब्द पुस्तकात किती वेळा येतात ते बघते, प्रस्तावनेतलं सोडून, कारण प्रस्तावनेत सगळेच लिहितात. दोन मिनिटांत कळतं घ्यायचं की नाही. फोटो किती चकचकीत आहेत ते बघायचं मी सोडलंय.

पाचातून गुण द्यायचे तर रानभाज्यांना अडीच, त्यातले दोन आमच्या समासातल्या शेऱ्यांचे. घरगुती उपचार एक, तोही फ्रीजवरच्या पाच पानांना. झाडं तीन. पक्षी साडेचार, अर्धा बाइंडिंगपायी कापला. ऑक्टोबरमधला माझा एचबीएवनसी ५.८ आला, पण ह्याचं श्रेय कुठल्याही पुस्तकाला देत नाहीये, येऊरच्या चढाला देतेय. पक्षी बघायला म्हणून आपण अजून पाव किलोमीटर पुढे जातो हे मात्र खरं.

रानभाज्यांची दुसरी आवृत्ती निघालीये असं ऐकलं, फोटो बदललेत का कोणी बघितलं असेल तर सांगा. आणि फुलपाखरांवर मराठीत असं खिशातलं, "फसाल बरं का" वालं काही असेल तर नाव कळवा. सुरवंटाचे फोटो हवेत हां, नुसती फुलपाखरं नकोत. माझ्या कढीपत्त्यावर आत्ता काहीतरी हिरवं लठ्ठ बसलंय आणि ते ठेवायचं की उचलून टाकायचं ह्यावर घरात वाद चालू आहे.